आबांचा जबाब

२१ जुलै, सोमवार. चादरी पिळून वाळत घालायच्या होत्या.

तुंगार्लीतले तीन बंगले मी सांभाळते. मालक मुंबईत असतात. किल्ल्या, पाहुणे, जेवण आणि धुणं माझ्याकडे. शनिवार-रविवार पाहुण्यांचे, सोमवार धुण्याचा. यंत्रात धुतल्या तरी मोठ्या चादरी पावसाळ्यात हाताने पुन्हा पिळाव्या लागतात, आणि त्याला दोन माणसं लागतात. एका टोकाला मी असते, दुसऱ्या टोकाला माझे वडील. घरचे-बाहेरचे सगळे त्यांना आबा म्हणतात. पंचाहत्तरी उलटून गेली तरी त्यांचा पीळ माझ्यापेक्षा घट्ट बसतो. पिळलेली चादर हॉलमध्ये बांधलेल्या दोरीवर टाकायची आणि पंखा चालू ठेवायचा. बाहेर टाकण्यात अर्थ नसतो. जुलैत लोणावळ्यात बाहेर फक्त शेवाळ वाढतं.

त्या सोमवारी आबा चादरीकडेच बघत पिळत होते. एरवी चादर पिळताना त्यांचं शब्दकोडं चालू असतं. आडवा शब्द, चार अक्षरी, असं काहीतरी मला विचारत असतात. दोन-चार चादरी झाल्यावर ते म्हणाले, "दुपारी जरा बस माझ्यापाशी. कागद घेऊन."

"कशाला?"

"जबाब लिवायचाय. हात हलतो माझा, न्हाईतर मीच लिवला असता."

"कसला जबाब?"

"काल साहेबानं चूक धरली की माझी. चारचौघांत धरली. जबाब नको द्यायला?"

मी चादर पिळत राहिले. साहेब म्हणजे आमच्या उताराखालच्या चौकातला वाहतूक पोलीस. रविवारी त्याने गाड्यांच्या रांगेसमोर आबांना दरडावलं होतं आणि त्यांच्या हातातली निशाणं काढून घेतली होती. तसं करा, असं त्याला मी सांगितलं होतं. आबांना हे ठाऊक नव्हतं.

हे कळायला आधी आबांच्या नोकऱ्या सांगाव्या लागतील. त्या बऱ्याच आहेत.

आमचं मूळ गाव परंदवडीच्या बाजूला. छप्पन साली आमच्या वस्तीने धम्म घेतला तेव्हा आबा नुकते शाळेत जायला लागले होते. आजोबांनी त्यांना दोन गोष्टी बजावल्या होत्या, शिक आणि सरकारी नोकरी धर. शिक्षण सातवीत थांबलं. मग ते लोणावळ्याला आले आणि बाजारातल्या एका चिक्कीच्या भट्टीवर गुळाचा पाक ढवळायला लागले. त्या पाकाचे डाग त्यांच्या हातांवर अजून आहेत. नंतर सायकलवरून बंगल्याबंगल्यांत पाव पोहोचवले. म्हणजे मी आज ज्या बंगल्यांच्या किल्ल्या कमरेला लावून फिरते, त्यांच्या मागच्या दारी ते पाव घेऊन उभे राहायचे. मग रेल्वे मिळाली. आधी गँगमध्ये, रुळांखाली खडी ठोकायला. नंतर घाटात पॉइंट्समन, म्हणजे रुळांचे सांधे बदलणारा. तिथेच ते निवृत्त झाले.

निवृत्त झाले पण बसले नाहीत. नवलाख उंबऱ्याला एका कारखान्याच्या फाटकावर रखवालदार झाले. तिथे मालकाची गाडी आली तरी ती पूर्ण थांबल्याशिवाय ते आडवा बांबू वर करत नसत. मालकाने पहिल्यांदा कौतुक केलं. पाऊस पडत असताना काच खाली करायला लावली, त्या दिवसानंतर आबांना दुसरं काम बघायला सांगण्यात आलं. त्यांनी ते मनावर घेतलं नाही. गुलाबाच्या पॉलिहाऊसमध्ये लागले, फांद्या छाटायला आणि कलमांचे डोळे भरायला. गुडघा सुजायला लागला तेव्हा ते सोडलं आणि माझ्याकडे राहायला आले. आई त्याआधीच गेली होती.

छंद विचाराल तर माणसाला एवढे छंद असू नयेत. रेल्वेच्या चाळीत ते कबड्डीचे पंच होते. कोडी सोडवतात. आमच्या फाटकाशी एकाच झाडावर तीन रंगांचे गुलाब त्यांनी आणलेत. विहारात रविवारची वंदना तेच सांगतात. माझ्या शिलाई यंत्रावर स्वतःच्या पायजम्याला स्वतः जुन्या सदऱ्याच्या अस्तन्यांचं कापड जोडतात आणि ते दिसतंही तसंच. या सगळ्याचं मला काही वाटत नव्हतं. माणूस कामात असला की घरात कटकट कमी.

निशाणांचं प्रकरण या वर्षी पावसाच्या तोंडावर सुरू झालं. आमच्या बंगल्यांपुढचा रस्ता तळ्याकडे चढतो. अरुंद आहे, मध्ये वळण आहे. एका गाडीचा ब्रेक उतारावर लागला नाही आणि ती शेजारच्या बंगल्याची भिंत फोडून आत गेली. कुणाला लागलं नाही. आबा जाऊन सगळं बघून आले आणि म्हणाले, "ही उतरन घाटावानीच हाय. हितं मानूस पायजे."

घाटात त्यांचं काम काय होतं, ते मला लहानपणापासून पाठ आहे. घाट उतरणारी प्रत्येक गाडी ब्रेक नसलेली समजायची. तिला सरळ मार्ग द्यायचाच नाही. तिच्यासाठी एका फाट्याचे सांधे लावून ठेवायचे; तो फाटा चढाचा असतो आणि पुढे वाळूत संपतो. गाडी खरोखर ब्रेकविना येत असली तर त्या चढावर अडेल, वाळूत रुतेल, पण खाली दरीत जाणार नाही. गाडी आली, पूर्ण उभी राहिली, तिने शिट्टी दिली, की मग सांधे बदलून तिला मुख्य मार्ग द्यायचा. इंजिनात कितीही मोठा साहेब असो. आबांच्या तोंडी ते एवढंच असायचं, आधी थांब, मग वाट.

त्यांनी एक तांबडं आणि एक हिरवं निशाण यंत्रावर शिवलं, काठ्यांना लावलं, आणि शनिवारी-रविवारी वळणावर उभे राहायला लागले. वरून येणारी प्रत्येक गाडी तांबडं दाखवून थांबवायची. पूर्ण थांबली की हिरवं. खाकी रंगाचा रेनकोट आणि ताठ उभा माणूस बघून लोकांना वाटायचं, हा कुणीतरी सरकारी आहे. थांबायचे. पहिल्या काही आठवड्यांत बरं चाललं होतं. मग पावसाने जोर धरला, तळ्यावरची गर्दी वाढली आणि दर रविवारी आमच्या दारापासून पार वर तळ्यापर्यंत गाड्या तुंबायला लागल्या. खालून चढणारे अडकायचे, वरून उतरणारे अडकायचे, आणि मधोमध आबा प्रत्येक गाडीला न चुकता उभं करत असायचे.

लोक त्यांचे व्हिडिओ काढायला लागले. एकदा सकाळी नाश्त्याच्या टेबलावर एका पाहुणीने मला मोबाइल दाखवला. "भाभी, ये देखो, आपके यहाँ के ट्रैफिक अंकल." खाली गाणं लावलं होतं, आबांचा हात वर-खाली होताना गाण्याचा ठेका जुळवला होता. टेबलावरची सगळी हसत होती. वाईट हसत नव्हती, पण हसत होती. मी म्हणाले, "चटणी आणते," आणि आत गेले.

शेजारच्या बंगल्याचा मॅनेजर फाटकात भेटला की म्हणायचा, "ताई, तुमचे वडील आहेत म्हणून कोणी बोलत नाही." हे वाक्य तो चांगल्या मनाने म्हणायचा. मला ते दिवसभर टोचायचं. या रस्त्यावर मी कष्टाने उभी राहिले आहे. मालकांशी, पाहुण्यांशी, दुकानदारांशी बोलताना कुणी माझं उणं काढू शकणार नाही अशी वागले आहे. आणि आता रस्त्याच्या मधोमध माझ्या बापाचा तमाशा चालला होता. मला लाज वाटत होती. दुसरा शब्द नाही.

मी आबांशी बोलले नाही असं नाही. बोलले.

"आबा, गाड्या तुंबतात."

"तुंबू दे. उभी गाडी कुनाला मारती का?"

"या गाड्यांना ब्रेक असतात."

"समद्या डायवरांचं असंच म्हननं असतं. इंजनाला काय कमी ब्रेक असत्यात व्हय? तरी उभं करायचंच."

"लोक हसतात, आबा. मोबाइलवर घालतात."

"हसू दे की. पंच होतो तवा शिव्या घालायचे. हसत्यात ते बरंच की."

"पण तुम्हाला हे करायला सांगितलंय कुणी?"

"कुनी न्हाई सांगितलं," ते म्हणाले. "पर कुनी नको पन म्हनलेलं न्हाई. रस्त्याच्या साहेबानं नको म्हनावं, मी निशान खाली ठेवतो. घरातल्या मानसाच्या म्हनन्यानं ड्यूटी सोडत न्हाई कुनी."

ते माझ्या डोक्यात राहिलं. शनिवारी संध्याकाळी मी भाजी आणायला खाली गेले आणि चौकातल्या चौकीपाशी थांबले. तो पोलीस ओळखीचा होता. तिशीतला, मावळातलाच. पाहुण्यांच्या गाड्या लावण्यावरून आमचं बोलणं व्हायचं. मी विषय काढल्यावर त्याला सुटल्यासारखंच झालं.

"ताई, मीच येणार होतो तुमच्याकडे. वरून फोन येतात मला. पण वयस्कर माणूस. कसं बोलायचं?"

"दरडावूनच बोला," मी म्हणाले. "गोड बोललात तर ते तुम्हालाच नियम समजावत बसतील."

"नंतर तुम्हीच माझ्यावर रागवाल."

"नाही रागवत. फक्त माझं नाव काढू नका."

"बरं."

"आणि ती निशाणं काढून घ्या. नाहीतर पुढच्या आठवड्यात पुन्हा."

हे सांगून मी मेथी घेतली, पाव घेतले आणि घरी आले. मनात काही नव्हतं. एक काम उरकल्यासारखं वाटत होतं.

रविवारी दुपारी मी गच्चीच्या शेडखाली टॉवेल गोळा करत होते. तिथून वळण दिसतं. पोलीस मोटारसायकलवरून वर आला. गाड्यांची रांग नेहमीसारखीच होती. त्याने गाडी आडवी लावली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "ओ आबा! कुणी परवानगी दिली तुम्हाला? रस्ता काय घरचा आहे का? आणा इकडं ती फडकी."

मी दरडावा म्हणाले होते. फडकी म्हणा, असं म्हणाले नव्हते. पण एकदा दरडावा म्हटल्यावर माणूस स्वतःचे शब्द घालणारच.

मला वाटलं होतं, आबा वाद घालतील. वाद घातला असता तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी दोन्ही पाय जुळवले. "जी साहेब," म्हणाले असावेत. ओठ हललेले दिसले. मग त्यांनी हिरवं निशाण काठीभोवती नीट गुंडाळलं, मग तांबडं गुंडाळलं, आणि दोन्ही एकत्र धरून त्याच्या हातात दिली. पाळी संपल्यावर पुढच्या माणसाच्या हाती द्यावीत तशी. कुणीतरी गाडीतून शिट्टी वाजवली. टाळ्या झाल्या. "अंकल आउट," असं एक मुलगा काचेतून ओरडला. गाड्या सुटल्या, आणि आबा रस्त्याच्या कडेने, गटाराला लागून, वर घराकडे चालायला लागले. बाजूने जाणाऱ्या प्रत्येक गाडीच्या काचेत एक मोबाइल होता.

त्यांनी वर बघितलं असतं तर मी दिसले असते. मी शेडच्या खांबामागे सरकले. वडील चालत घरी येत होते आणि मी लपले होते. त्या क्षणी मला कळलं की मी जे केलं ते काही साधं काम नव्हतं.

संध्याकाळी शेजारच्या मॅनेजरचा मेसेज आला. बरं झालं ताई, सुटलो. मी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. नवरा नवलाख उंबऱ्याहून पाळी करून आला. त्याला मी शनिवारीच सांगून ठेवलं होतं. तो म्हणाला, "झालं ना तुझ्या मनासारखं?" मी त्याला वाढलं. आबा आपल्या खोलीत होते. जेवायला आले, जेवले, ताट धुऊन ठेवलं, गेले.

आणि सोमवारी त्यांना जबाब लिहायचा होता.

रेल्वेत काही चुकलं की माणसाकडून जबाब मागतात. काय झालं, कुठे झालं, आपण कोणत्या कामावर होतो, चूक कशी झाली, ते लिहून द्यायचं आणि खाली सही करायची. आबांनी बाकीच्यांचे जबाब कसे लिहिले जात ते पाहिलं होतं. दुपारी मी कागद घेऊन त्यांच्या खाटेशी बसले तेव्हा ते म्हणाले, "नोकरीत मला कदी जबाब द्यायची पाळी आली न्हाई. हा पैलाच."

"मग नका देऊ, आबा. पोलीस काय कागद मागत नाहीत."

"मागंपर्यंत थांबायचं नसतं. लिव. आदी मानूस कोन ते लिव."

त्यांनी सांगायला सुरुवात केली. चिक्कीची भट्टी, पाव, गँग, घाट, कारखान्याचं फाटक, गुलाब. प्रत्येक ठिकाणी काय काम होतं ते. मी म्हणाले, चिक्कीचं कशाला? ते म्हणाले, "त्यांना कळू दे मी रिकामटेकडा न्हाई." कबड्डीचे पंच हेही त्यांनी घालायला लावलं. मी लिहीत होते आणि माझ्या अक्षरात त्यांचं सगळं आयुष्य एका पोलिसापुढे ठेवण्यासाठी तयार होत होतं, कारण मी त्या पोलिसाला भाजी आणता आणता दोन वाक्यं सांगितली होती.

मग चुकीवर आलो.

मी विचारलं, "चूकऐवजी गैरसमज लिहू का?"

"गैरसमज कुनाचा? गाड्या तुंबल्या का न्हाई?"

"तुंबल्या."

"मग चूक लिव. रातभर इचार केला मी. घाटात गाडी उबी केली तर तिच्या मागं लाइन मोकळी असती. मागची गाडी मागच्या ठेसनात धरून ठेवल्याली असती. हितं गाडीमागं गाडी, तिच्यामागं गाडी. एक उबी केली की समदी उबी. ह्ये माझ्या ध्यानात यायला पायजे होतं. घाटाचा नियम हितं न्हाई चालत. साहेब बोलला तवा माझं डोकं त्या बाजूला गेलं."

माझं पेन थांबलं. इतके आठवडे मी त्यांना काय सांगत होते? लोक हसतात. मोबाइलवर घालतात. तुम्हाला सांगितलंय कुणी. मागची लाइन मोकळी नाही, हे मी एकदाही म्हणाले नव्हते. ते समजायला काही रेल्वेत असावं लागत नाही; गच्चीवरून मला दर रविवारी दिसत होतं. पण मी त्यांच्याशी कामाच्या माणसासारखी बोललेच नव्हते. घरातल्या म्हाताऱ्याशी बोलावं तशी बोलत होते. लाइनचं बोलले असते तर त्यांनी त्याच दिवशी निशाणं गुंडाळून कपाटात ठेवली असती. ना पोलीस, ना टाळ्या.

"लिवलंस का?"

"लिहिते."

"साहेब बरा मानूस हाय," ते म्हणाले. "तोंडावर बोलला. घरातली मानसं तोंड बगून बोलत्यात."

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. कागद खाली ठेवायचा, आणि सांगायचं. मी त्याऐवजी लिहून पूर्ण केलं आणि पुढे केलं. त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरून सही केली आणि सहीखाली 'निवृत्त पॉइंट्समन' हे शब्द स्वतः लिहिले. त्याला बराच वेळ लागला. मी उठून इस्त्री तापायला लावली.

मंगळवारी सकाळी आबा दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून स्कूटरपाशी उभे होते. पाऊस थांबलेला होता. मी म्हणाले, मी देऊन येते, मला खाली जायचंच आहे. ते म्हणाले, "जबाब दुसऱ्याच्या हातानं देत न्हाईत." ते मागे बसले. कागद सदऱ्याच्या आत, प्लास्टिकच्या पिशवीत. उतार संपेपर्यंत मी तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा हेल्मेटच्या आत बंद केलं.

चौकीसमोरच्या टपरीवर तो पोलीस चहा पीत होता. शेजारी त्याचा एक जोडीदार. आम्हाला बघितल्यावर त्याने ग्लास खाली ठेवला आणि आधी माझ्याकडे बघितलं. आबांनी पिशवीतून कागद काढला, पाय जुळवले आणि दोन्ही हातांनी पुढे केला.

"साहेब, रविवारच्या बाबतीत जबाब."

त्याने तो घेतला. वाचायला लागला. चिक्की, पाव, गँग. त्याचे कान लाल झाले. "आबा, अहो, ह्याची काय गरज होती," तो म्हणाला. "मी काय... ते तर..." आणि पुन्हा माझ्याकडे बघितलं. तो माझी परवानगी मागत होता. अजूनही माझं नाव न काढण्याचा शब्द पाळत होता.

मी म्हणाले, "आबा, ह्यांनी आपणहून केलं नाही. शनिवारी मी इथे येऊन सांगितलं होतं. दरडावून बोला, हेही मीच सांगितलं. निशाणं काढून घ्यायलाही."

टपरीवाल्याने चहा गाळता गाळता गाळणी तशीच धरली. आबा माझ्याकडे वळले नाहीत. पोलिसाला म्हणाले, "खरं हाय का?"

"आबा, ताईंच्या मनात काही..."

"व्हय का न्हाई?"

"व्हय."

आबांनी मान हलवली. "कागद ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी," ते म्हणाले. "गाड्या तुंबल्या ती चूक माजीच. ती कुनी सांगितली म्हनून बदलत न्हाई." मग ते माझ्याकडे वळले. आवाज चढलेला नव्हता. "लाज वाटली व्हय माझी?"

तिथे तीन परके पुरुष होते. खोटं बोलायला सोपं गेलं असतं. रहदारीची काळजी होती, तुमच्या गुडघ्याची काळजी होती, असलं काहीतरी.

"हो," मी म्हणाले.

"मग तसं म्हनायचं. लाज वाटती म्हनायचं. मी ऐकलं असतं का न्हाई ते म्हाईत न्हाई. पर म्हनायचं."

"हो."

"आता जा तू. बंगल्यांचं बग. मी येतो चालत."

मी म्हणाले, चढ आहे, बसा मागे. ते पोलिसाला विचारत होते की उतारावरच्या गाड्या धरायच्याच झाल्या तर कुठे धरता येतील. तो पोलीस हाताने दाखवत होता आणि माझ्याकडे बघायचं टाळत होता. मी तिथे कुणाला नको होते. मी स्कूटर चालू केली.

शेजारच्या फाटकात मॅनेजर पाइपने गाड्यांची जागा धूत होता. "काय ताई," तो म्हणाला, "या रविवारी आराम ना?"

मी थांबले. "रविवारी जे झालं ते मी करवलं होतं," मी म्हणाले. "पोलिसाला मी सांगून आले होते. आबांना आत्ता सांगितलं. तुम्ही बरं झालं म्हणालात आणि मी हात जोडले, ते चुकलं. बरं काही झालेलं नाही."

त्याने पाइप बाजूला धरला. "जाऊ द्या ताई. घरातली गोष्ट आहे."

"घरातली असती तर घरातच बोलले असते," मी म्हणाले आणि वर गेले. घरी पोहोचल्यावर मोठ्या पातेल्यात पाणी तापत ठेवलं आणि त्यात मीठ टाकलं. चढ चालून आले की आबांचा गुडघा सुजतो.